ऑनलाइन कल्पनारम्य खेळांतील पात्रवर्ग व प्रदेश यांचे अद्ययावतीकरण : ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा अभ्यास

प्रस्तावना

कादंबरीची सुधारित दुसरी आवृत्ती निघाली तरी पहिल्या आवृत्तीची प्रत वाचकाच्या कपाटात तशीच राहते. बुद्धिबळाच्या नियमांत उद्या बदल झाला तरी जुन्या नियमांनी खेळू इच्छिणाऱ्या दोघांना कोणी अडवू शकत नाही. अखंड चालू असणाऱ्या ऑनलाइन खेळांत मात्र ही सोय नसते. हजारो खेळाडू ज्या जगात एकाच वेळी वावरतात ते जग निर्मात्या कंपनीच्या सर्व्हरवर असते. कंपनीने एके दिवशी देखभालीसाठी सर्व्हर बंद करून काही तासांनी तो बदललेल्या स्वरूपात सुरू केला, की जुने जग कोणाच्याही घरी शिल्लक उरत नाही. खेळाडूने त्या जगात घालवलेली वर्षे, तेथे जमवलेली सामग्री, जोडलेली माणसे आणि ओळखीच्या झालेल्या वाटा या सर्वांचे मोल त्या काही तासांत कमी-अधिक होऊ शकते.

अशा बदलांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला प्रकार पात्रवर्गातील बदलांचा, म्हणजे योद्धा, पुरोहित, जादूगार इत्यादी भूमिकांच्या सामर्थ्यातील फेरफारांचा. दुसरा प्रकार प्रदेशातील बदलांचा, म्हणजे खेळाच्या भूगोलात पडणारी भर किंवा जुन्या भूगोलाची पुनर्रचना. कंपनीच्या लेखी हे दोन्ही ‘अपडेट’च असतात आणि पुष्कळदा ते एकाच दिवशी येतात. परंतु खेळाडूंच्या दृष्टीने त्यांचे स्वरूप मुळातच भिन्न आहे. पात्रवर्गातील बदलांवरून जे वाद होतात ते वाटणीचे असतात. कोणाला किती मिळाले, हा त्यांतील प्रश्न. प्रदेशातील बदलांवरून होणारे वाद स्मृतीचे असतात. पहिल्या प्रकारच्या वादावर पुढच्या अपडेटमध्ये उपाय करता येतो. दुसऱ्या प्रकारच्या वादावर तसा उपाय नसतो, आणि ही गोष्ट खेळ बनवणाऱ्यांच्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला. प्रस्तुत लेखात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या आधारे या भेदाचा विचार केला आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ‘क्लास’ या शब्दासाठी मराठीत ‘वर्ग’ हा शब्द सहज सुचतो. पण समाजशास्त्रीय लेखनात तो शब्द आधीच गुंतलेला असल्याने येथे ‘पात्रवर्ग’ असा शब्द योजला आहे. ‘पॅच’ हा शब्द मात्र तसाच ठेवला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘ठिगळ’ असा आहे. हा अर्थ लक्षात ठेवावा, कारण काही ठिगळे मूळ वस्त्राहून मोठी निघाली.

पात्रवर्ग : श्रमविभागणीची एक व्यवस्था

पात्रवर्गाची कल्पना संगणकापूर्वीची आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या टेबलाभोवती बसून खेळावयाच्या खेळात लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक असे तीन पात्रवर्ग होते. एक शस्त्राने लढणारा, एक मंत्राने लढणारा आणि एक जखमी सोबत्यांना बरे करणारा. पुढील पन्नास वर्षांत या विभागणीची असंख्य रूपे झाली, पण तिचा गाभा टिकून राहिला. ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९) या ऑनलाइन खेळात आरंभी चौदा पात्रवर्ग होते. अमेरिकेतील ब्लिझार्ड एन्टरटेनमेंट या कंपनीने २३ नोव्हेंबर २००४ रोजी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ उत्तर अमेरिकेत सुरू केला तेव्हा त्यात नऊ होते : योद्धा, पॅलाडिन म्हणजे धर्मवीर, शिकारी, रोग म्हणजे छुपा मारेकरी, पुरोहित, शमन, मेज म्हणजे जादूगार, वॉरलॉक म्हणजे पिशाचविद्येचा उपासक, आणि ड्रुइड म्हणजे रूपे पालटणारा निसर्गोपासक.

खेळाच्या अवघड टप्प्यांत, जेथे सुरुवातीच्या काळात चाळीस खेळाडूंना एकत्र मोहिमेवर जावे लागे, या नऊ वर्गांची तीन कामांत विभागणी होत असे. शत्रूचा रोष स्वतःवर ओढवून घेऊन मार सोसणारा ‘टँक’, त्याला जिवंत ठेवणारा ‘हीलर’ आणि शत्रूला इजा पोहोचवणारे उरलेले सर्व. कोणत्याही वर्गाला एकट्याने काही साधू नये, अशीच ही रचना होती. परिणामी मोहिमेचे नेतृत्व करणारा गट सदस्य निवडताना नोकरभरतीसारखाच विचार करी : किती टँक, किती हीलर, कोणत्या वर्गाचे किती. म्हणून एखाद्या पात्रवर्गाचे सामर्थ्य पॅचमध्ये काही टक्क्यांनी घटवले गेले, तर तो वर्ग निवडून महिनोन्‌महिने घालवलेल्या खेळाडूला मोहिमेतील आपली जागाच गमवावी लागण्याची शक्यता असे. खेळाडूंच्या बोलीत अशा कपातीला ‘नर्फ’ म्हणतात. नर्फ हे फोमच्या मऊ खेळण्यांचे व्यापारनाम आहे. खऱ्या तलवारीच्या जागी फोमची तलवार हाती यावी, तसा अनुभव त्या शब्दातून सूचित होतो.

हा तोटा काल्पनिक मानून सोडून देता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’मधील जगाच्या अर्थव्यवस्थेवर निबंध लिहिला आणि तेथील वस्तूंच्या खऱ्या पैशांतील खरेदी-विक्रीवरून त्या जगाचे दरडोई उत्पन्न काढून दाखवले. ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान येत होते. त्या आकड्याच्या काटेकोरपणाविषयी मतभेद होऊ शकतील. पण खेळातील पात्र हे खेळाडूच्या साठलेल्या श्रमाचे रूप आहे, हा त्यामागील मुद्दा पुढे सर्वमान्य झाला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या वापरकरारानुसार मात्र ते पात्र कंपनीच्या मालकीचे असते.

समतोलाचा प्रश्न

आरंभीच्या रचनेत एक वैशिष्ट्य होते. खेळातील जग ‘अलायन्स’ आणि ‘होर्ड’ अशा दोन पक्षांत विभागलेले आहे. पॅलाडिन फक्त अलायन्सला आणि शमन फक्त होर्डला उपलब्ध होता. कथेच्या दृष्टीने ही योजना आकर्षक होती. आपल्याकडे नाही ते शत्रूकडे आहे, या जाणिवेने दोन्ही पक्षांना स्वतंत्र व्यक्तिमत्त्व लाभले. परंतु मोहिमांच्या रचनाकारांसमोर त्यामुळे पेच उभा राहिला. पॅलाडिनचा एक आशीर्वाद सोबत्यांकडे वळणारा शत्रूचा रोष कमी करी, तर शमनचा एक स्तंभ शस्त्राने लढणाऱ्यांचे वार वाढवी. राक्षस एकच, पण त्याच्याशी लढणारी दोन सैन्ये दोन वेगळ्या साधनांनी सज्ज. एका पक्षाला जे अवघड ते दुसऱ्याला सोपे ठरत असे.

१६ जानेवारी २००७ रोजी आलेल्या ‘द बर्निंग क्रुसेड’ या विस्तारात ही विभागणी संपली. होर्डच्या नव्या ‘ब्लड एल्फ’ वंशाला पॅलाडिन आणि अलायन्सच्या नव्या ‘ड्रेनाय’ वंशाला शमन होता येऊ लागले. या बदलाला कथेत कारण शोधावे लागले. ब्लड एल्फांनी प्रकाशमय अशा एका दिव्य जीवाला बंदी करून त्याची शक्ती हिरावून घेतली, असे सांगण्यात आले. आकडेमोडीची गरज आधी आणि पुराणकथा नंतर, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो. तरीही ही कथा निर्जीव वाटत नाही. किंबहुना चोरलेल्या प्रकाशावर जगणारा धर्मवीर ही कल्पना मूळच्या सरळमार्गी पॅलाडिनपेक्षा अधिक गुंतागुंतीची ठरली.

पात्रवर्गांत अंतर्गत बदलही सतत होत राहिले. २००५-०६ या काळात जवळजवळ प्रत्येक मोठ्या पॅचमध्ये एखाद्या वर्गाची कौशल्यरचना नव्याने बांधण्यात आली : १.७ मध्ये शिकारी, १.८ मध्ये ड्रुइड, १.९ मध्ये पॅलाडिन, १.१० मध्ये पुरोहित. प्रत्येक वर्गाचे खेळाडू आपली पाळी येण्याची वाट पाहत. मूळ रचनेत पात्राची पातळी वाढेल तसे गुण मिळत आणि ते तीन ‘टॅलेंट ट्री’ म्हणजे कौशल्यवृक्षांवर एकेक करून खर्च करायचे असत. २०१० मध्ये या वृक्षांची छाटणी झाली. २०१२ च्या ‘मिस्ट्स ऑफ पँडारिया’मध्ये ते मुळासकट काढून त्यांच्या जागी प्रत्येक पंधरा पातळ्यांनंतर तीन पर्यायांतून एकाची निवड, अशी सुटसुटीत पद्धत आणली गेली. सगळेच खेळाडू शेवटी तज्ज्ञांनी ठरवलेली एकच मांडणी उतरवून घेतात, मग निवडीचा देखावा कशाला, असा त्यामागील युक्तिवाद होता. तो तर्कशुद्ध होता. तथापि २०२२ च्या ‘ड्रॅगनफ्लाइट’मध्ये वृक्ष परत आले. दर पातळीला मिळणारा एक क्षुल्लक गुण आणि तो कोठे खर्च करावा यावरची घटकाभराची घालमेल हीच प्रगतीची खूण असते, हे दहा वर्षांनी मान्य करावे लागले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की पात्रवर्गातील चूक दुरुस्त करता आली. वृक्ष काढले, ते परत लावले. १३ नोव्हेंबर २००८ च्या ‘रॅथ ऑफ द लिच किंग’मध्ये ‘डेथ नाइट’ हा दहावा पात्रवर्ग आला तेव्हा तो इतरांच्या तुलनेत भलताच प्रबळ होता. पुढील पॅचमध्ये त्याला आवर घालण्यात आला. यावर ओरड होते, रागाने काहीजण खेळ सोडतात, पण व्यवस्था पुन्हा समतोलाकडे येते.

प्रदेशाची भर आणि ओस पडणारी नगरे

प्रदेशांच्या बाबतीत सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जुने न मोडता नवे जोडणे. २००७ मध्ये आउटलँड, २००८ मध्ये नॉर्थरेंड हे खंड याच पद्धतीने आले आणि पातळीची कमाल मर्यादा ६० वरून ७० व पुढे ८० झाली. कोणाचे काही हिरावले गेले नाही, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात नव्या प्रदेशात अधिक सामर्थ्याची शस्त्रे मिळू लागताच जुन्या प्रदेशांतील दुर्मीळ शस्त्रांना मोल उरले नाही, आणि अलायन्सची आयर्नफोर्ज किंवा होर्डची ऑर्ग्रिमार यांसारखी गजबजलेली नगरे विरळ होऊन वर्दळ आउटलँडमधील शॅट्रथकडे व नंतर नॉर्थरेंडच्या डलारानकडे वळली. नवा महामार्ग झाल्यावर जुन्या रस्त्यावरील बाजारपेठेची जी गत होते, तीच येथे झाली. इमारती तशाच उभ्या होत्या, गिऱ्हाईक गेले.

जानेवारी २००६ मधील आन्‌किराजचे उदाहरण याहून वेगळे आणि अधिक विचार करण्याजोगे आहे. पॅच १.९ बरोबर हा वाळवंटी प्रदेश खेळात आला, पण त्याची दारे बंद होती. ती उघडण्यासाठी प्रत्येक सर्व्हरवरील खेळाडूंनी मलमपट्ट्या, धातूच्या लगडी, कातडी, शिजवलेले अन्न अशा वस्तू प्रचंड प्रमाणात जमा करायच्या होत्या. शिवाय कोणा एका खेळाडूने दीर्घ आणि कष्टसाध्य कामगिऱ्यांची मालिका पूर्ण करून एक राजदंड मिळवायचा आणि दारापुढील घंटेवर त्याने आघात करायचा. ज्या दिवशी दार उघडे त्या दिवशी गर्दीमुळे सर्व्हर कोलमडत. या प्रदेशाच्या आगमनात खेळाडूंचा हात होता. त्यामुळे त्यातील गैरसोयींचीही पुढे अभिमानाने आठवण काढली गेली.

त्याआधी सप्टेंबर २००५ मध्ये घडलेल्या ‘करप्टेड ब्लड’ प्रकरणाची माहिती अनेक अध्यापकांना साथरोगशास्त्राच्या संदर्भात असेल. झुल्‌गुरुब या नव्या प्रदेशातील हक्कार नामक शत्रूचा रक्तदोष तेथपुरता मर्यादित राहावा अशी योजना होती; परंतु खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत तो नगरांत पोहोचला, संगणकचालित पात्रे लक्षणविरहित वाहक ठरली आणि कमी पातळीची पात्रे रस्तोरस्ती मरून पडू लागली. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी २००७ मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात या घटनेचे विवेचन केले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व एवढेच, की नवा प्रदेश जोडताना त्याची सीमा जुन्या जगापासून बंद राखता येईल हे गृहीतक पहिल्या वर्षातच खोटे ठरले.

नोव्हेंबर २०१० : जुन्या जगाची मोडतोड

‘कॅटक्लिझम’ हा विस्तार ७ डिसेंबर २०१० रोजी आला. त्यापूर्वी २३ नोव्हेंबरला, म्हणजे खेळाच्या सहाव्या वर्धापनदिनी, पॅच ४.०.३अ द्वारे जुना भूगोल बदलण्यात आला. कथेनुसार डेथविंग नावाचा महाकाय ड्रॅगन पाताळातून बाहेर पडला आणि त्याच्या उद्रेकाने भूमी दुभंगली. बॅरन्स या विस्तीर्ण माळरानाचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. थाउजंड नीडल्सची कोरडी दरी समुद्राच्या पाण्याखाली गेली. तेथील खारट मैदानावर गॉब्लिन आणि नोम यांच्या मोटारींच्या शर्यतीचा जो मार्ग होता तो बुडाला. लॉक मोडानचे धरण फुटून सरोवर रिते झाले. डार्कशोअरचे ऑबरडीन बंदर उद्ध्वस्त झाले. स्टॉर्मविंड नगरातील उद्यानाच्या जागी खड्डा उरला.

यामागील कारणे भक्कम होती. २००४ मधील प्रदेशांची रचना असमान होती. कामगिऱ्यांसाठी खेळाडूला एका खंडातून दुसऱ्या खंडात विनाकारण हेलपाटे घालावे लागत. काही पातळ्यांवर करण्यासारखे फारसे नसे. जुने खेळाडू नॉर्थरेंडमध्ये असताना नवागताला ओस पडलेल्या आणि जुनाट जगातून साठ पातळ्या चढाव्या लागत. शिवाय आकाशमार्गे उड्डाणाची सोय आउटलँडपासून आली होती. जुने खंड वरून पाहण्यासाठी बनवलेलेच नव्हते. नवी रचना प्रत्येक निकषावर अधिक चांगली होती. कामगिऱ्यांना सलग कथानक लाभले, विनोद वाढला, वेळेचा अपव्यय घटला.

आणि तरीही काही गमावले गेले. बॅरन्समध्ये मँक्रिक नावाचा एक ऑर्क आपल्या हरवलेल्या पत्नीला शोधण्याची विनंती करी. ती कोठे आहे याची खूण नकाशावर नसे. त्यामुळे ‘मँक्रिकची बायको कोठे आहे?’ हा प्रश्न त्या प्रदेशाच्या सामायिक संभाषणवाहिनीवर अहोरात्र विचारला जाई, त्यावर थट्टा होई, वैतागलेली उत्तरे येत आणि कोणीतरी अखेरीस वाट सांगे. रचनेच्या दृष्टीने ही त्रुटीच होती. पण त्या त्रुटीमुळे अनोळखी खेळाडू एकमेकांशी बोलत. नव्या रचनेत ही शोधाची कामगिरी राहिली नाही आणि इतर कामगिऱ्यांची ठिकाणे नकाशावर दर्शवलेली होती, म्हणून विचारण्याचे कारणही उरले नाही. होर्डचे लक्षावधी खेळाडू ज्या माळरानावर दहाव्या पातळीपासून पुढचे कित्येक दिवस पायी हिंडले होते, तेथून नवागत काही तासांत पुढे जाऊ लागला.

स्मृतीचा प्रश्न येथे उद्भवतो. स्थळाची आठवण त्या स्थळाच्या गुणवत्तेवर अवलंबून नसते, तेथे घालवलेल्या वेळेवर अवलंबून असते. मानवशास्त्रज्ञ बॉनी नार्डी यांनी या खेळात प्रत्यक्ष सहभागी होऊन केलेले क्षेत्रकार्य याच २०१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मानवशास्त्राने एखाद्या वसाहतीकडे जसे जावे तसे या जगाकडे जाणे उचित वाटावे, इतकी वस्ती तेथे झालेली होती. वस्ती असलेल्या जागेची ‘सुधारणा’ आणि रिकाम्या जागेची सुधारणा यांत जो फरक असतो, तो २०१० च्या बदलात पुरेसा विचारात घेतला गेला नाही. जाता जाता नोंदवण्यासारखी गोष्ट अशी, की पुरातत्त्व हा नवा व्यवसाय खेळात याच विस्ताराबरोबर आला.

दुसरी अडचण काळाची होती. डेथविंगचा नाश पुढील वर्षीच्या मोहिमेत झाला. जुने जग मात्र त्याच्या उद्रेकाच्या क्षणी गोठून राहिले. २०१३ साली नव्याने येणारा खेळाडू मेलेल्या शत्रूने पेटवलेल्या आगी विझवत साठाव्या पातळीपर्यंत येई. तेथून तो आउटलँडमध्ये जाई, जेथे २००७ चे प्रसंग घडत होते, मग २००८ च्या नॉर्थरेंडमध्ये, आणि तेथून पुन्हा २०१० मध्ये. पहिली पाने फाडून नवी लावली, मधली तशीच ठेवली, अशा ग्रंथासारखी ही अवस्था होती. ‘फेझिंग’ नावाचे तंत्र यावर तोडगा म्हणून वापरले जाते. त्यात खेळाडूच्या प्रगतीनुसार तेच स्थळ त्याला वेगळ्या रूपात दिसते. डेथ नाइटच्या आरंभीच्या प्रदेशात २००८ मध्ये ते फार प्रभावीपणे वापरले गेले होते. पण त्याची किंमत अशी, की एकाच जागी उभे असलेले दोन मित्र वेगवेगळ्या टप्प्यांवर असतील तर एकमेकांना दिसत नाहीत. सामायिक जग या कल्पनेलाच त्याने धक्का बसतो.

ऑक्टोबर २०१० मध्ये खेळाचे सशुल्क सदस्य १ कोटी २० लाखांहून अधिक असल्याचे कंपनीने जाहीर केले होते. वर्षभराने ही संख्या १ कोटी ३ लाखांवर आली. या घटीचे खापर केवळ भूगोलावर फोडणे योग्य होणार नाही. मोहिमांची वाढलेली काठिण्यपातळी आणि खेळाचे वय हीही कारणे होती.

जुन्या जगाची मागणी

२०१३ च्या ब्लिझकॉन अधिवेशनात एका खेळाडूने मूळ स्वरूपातील सर्व्हर पुन्हा सुरू होतील का, असे विचारले. त्यावर निर्मिती विभागाचे जे. ॲलन ब्रॅक यांनी, तुम्हाला ते हवे आहे असे तुम्हाला वाटते, पण खरे तर ते नको आहे, अशा आशयाचे उत्तर दिले. हे उत्तर पुढे कुप्रसिद्ध झाले. दरम्यान काही चाहत्यांनी मूळ खेळाची अनधिकृत प्रतिकृती चालवण्यास आरंभ केला होता. त्यांपैकी ‘नॉस्टॅलरियस’ हा सर्व्हर सर्वांत मोठ्यांपैकी एक होता. कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर तो एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला. त्यानंतर झालेल्या निवेदनावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि मूळ खेळाच्या निर्मितीत सहभागी असलेले मार्क कर्न यांनी ते कंपनीचे प्रमुख माइक मॉरहाइम यांच्याकडे पोहोचवले. कायद्याने कंपनीची बाजू निर्विवाद होती. पण ज्या वस्तूची विक्री आपण थांबवली तिच्यासाठी इतके लोक दाद मागतात, याचा अर्थ लावणे भाग होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ची घोषणा झाली आणि ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस ते सुरू झाले. घोषणा करणारे ब्रॅकच होते.

क्लासिकमध्ये कोणता ‘मूळ’ खेळ द्यायचा, हा प्रश्न सोपा नव्हता, कारण २००४ ते २००६ या काळातही खेळ सतत बदलत होता. कंपनीने २००६ मधील पॅच १.१२ आधारभूत धरला. याचा परिणाम अभ्यासण्याजोगा आहे. प्रदेश सहा टप्प्यांत, जुन्या क्रमाने खुले करण्यात आले; पात्रवर्ग मात्र पहिल्या दिवसापासून १.१२ च्या, म्हणजे सर्व सुधारणा पचवून पूर्ण विकसित झालेल्या स्वरूपात होते. आरंभी शत्रूवर एकाच वेळी आठच दुष्प्रभाव टाकता येत, १.७ मध्ये ही मर्यादा सोळा झाली आणि क्लासिकमध्ये ती सोळाच होती. २००४ च्या प्रदेशात २००६ ची पात्रे उतरली. मोल्टन कोअर या ज्वालामुखीतील मोहिमेचा अधिपती रॅग्नारोस मूळ खेळात पहिल्यांदा मारला गेला तो सुमारे पाच महिन्यांनी, एप्रिल २००५ मध्ये. २०१९ मध्ये तो पहिल्याच आठवड्यात मारला गेला. पात्रवर्गांचे वाढलेले बळ हे त्याचे एक कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे पंधरा वर्षांत साठलेले ज्ञान. मँक्रिकची बायको कोठे आहे हे आता सर्वांना ठाऊक होते. भूगोल परत आणता आला; त्या भूगोलाविषयीचे अज्ञान परत आणता आले नाही.

तरीही ब्रॅक यांचे २०१३ चे म्हणणे खरे ठरले, असे म्हणता येत नाही. क्लासिकच्या आरंभी लोक तासन्‌तास रांगेत थांबले आणि अनेकजण वर्षानुवर्षे तेथे राहिले. प्रवासाला वेळ लागणारे, दुसऱ्याच्या मदतीवाचून न चालणारे जग त्यांना हवे होते, आणि ते त्यांना मिळाले.

निर्णयाचा अधिकार

बदल करण्याचा अधिकार कोणाचा, याबाबत अन्य खेळांनी निराळे मार्ग चोखाळले आहेत. ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७) मध्ये खेळाडूंनी एकमेकांना लुटण्या-मारण्याचा उच्छाद वाढला तेव्हा २००० मध्ये संपूर्ण भूभागाची दुसरी प्रत तयार करण्यात आली : फेलुका या जुन्या प्रतीत लुटालूट चालू राहिली, ट्रॅमल या नव्या प्रतीत ती बंद झाली. जुने मोडले नाही, पण बहुसंख्य लोक सुरक्षित प्रतीकडे गेल्याने जुन्या जगातील जोखमीला अर्थ देणारी वर्दळच उरली नाही. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’मध्ये नोव्हेंबर २००५ मध्ये चौतीस व्यवसायांच्या जागी नऊ पात्रवर्ग आणण्यात आले. विज्ञानकथेच्या पार्श्वभूमीवरील हा खेळ प्रस्तुत विषयाच्या कक्षेबाहेरचा असला, तरी पात्रवर्गातील बदल स्मृतीच्या पातळीवर कसा जाऊ शकतो याचे ते टोकाचे उदाहरण आहे. नृत्य, वैद्यकी, शिवणकाम यांसारख्या व्यवसायांवर त्या जगातील वस्त्या उभ्या होत्या. व्यवसायांची ती वीण विस्कटताच वस्त्याही उठल्या. वाटणीचा वाद आणि स्मृतीचा वाद यांतील सीमा येथे पुसट होते, कारण जेथे व्यवसायातूनच गाव उभे राहते तेथे व्यवसाय बदलणे म्हणजे गाव बदलणे.

इंग्लंडमधील जॅगेक्स कंपनीच्या ‘रूनस्केप’चा मार्ग सर्वांत वेगळा आहे. २०१३ मध्ये जवळजवळ साडेचार लाख खेळाडूंच्या मतदानानंतर ऑगस्ट २००७ मधील जतन केलेल्या प्रतीवरून ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झाला. त्यात पुढचा कोणताही महत्त्वाचा प्रदेश वा कौशल्य घालण्यापूर्वी खेळाडूंचे मत घेतले जाऊ लागले. मंजुरीसाठी ७५ टक्के मते आवश्यक होती. २०२२ मध्ये ही मर्यादा ७० टक्के करण्यात आली. नौकानयन हे नवे कौशल्य २०२३ मध्ये मतदानानेच निवडले गेले. या पद्धतीने आजच्या खेळाडूंना नकाराधिकार मिळतो. उद्या येणाऱ्यांचे मत मात्र कोणी विचारू शकत नाही. २०१० मध्ये ब्लिझार्डने नेमकी याच्या उलट बाजू घेतली होती : नवागताच्या सोयीसाठी जुन्या रहिवाशांचा भूगोल बदलला.

क्लासिकच्या पुढील वाटचालीत ब्लिझार्डने आपली पद्धत बदललेली दिसते. जून २०२१ मध्ये ‘बर्निंग क्रुसेड क्लासिक’ आले तेव्हा प्रत्येक पात्रासाठी खेळाडूला निवड करावी लागली : आउटलँडकडे जायचे, की साठाव्या पातळीच्या जगातच कायमचे राहायचे. दोन्हीकडे पात्र हवे असेल तर प्रतीसाठी प्रथम ३५ डॉलर आकार ठरवण्यात आला होता. नाराजीनंतर तो १५ डॉलर करण्यात आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘सीझन ऑफ डिस्कव्हरी’ हा स्वतंत्र प्रयोग सुरू झाला. त्यात जुना भूगोल कायम ठेवून पात्रवर्गच उलटेपालटे केले गेले, म्हणजे जादूगार जखमींना बरे करू लागला आणि वॉरलॉक मार सोसण्यासाठी पुढे उभा राहिला. ठिकाणे ओळखीची आणि त्यांतील कामे नवी, ही मांडणी खेळाडूंनी बरीचशी आनंदाने स्वीकारली.

एप्रिल २०२४ च्या अखेरीस, ‘कॅटक्लिझम क्लासिक’च्या पूर्वतयारीच्या पॅचबरोबर, बॅरन्स दुसऱ्यांदा दुभंगले आणि थाउजंड नीडल्स दुसऱ्यांदा पाण्याखाली गेले. ज्यांनी २०२१ मध्ये साठाव्या पातळीवर थांबणे पसंत केले होते त्यांच्या सर्व्हरवर पूर आला नाही. तेथे मैदानावरील शर्यती चालू होत्या आणि मँक्रिक आपल्या जागी उभा होता.